सरअ आणि इख्तिनाक : दोन झटक्यांची कहाणी

उर्दू शाळेत गझल शिकवताना 'मिसरा' हा शब्द फळ्यावर रोज येतो. दाराच्या दोन झडपांपैकी एक झडप म्हणजे मिसरा. दोन्ही झडपा मिटल्या की शेर पुरा होतो, असे आम्ही मुलांना सांगतो. ज्या स्वाद, रे, ऐन या तीन अक्षरांतून हा शब्द निघाला, त्याच अक्षरांतून अरबीचा आणखी एक शब्द निघाला आहे, 'सरअ'. त्याचा मूळ अर्थ माणसाला जमिनीवर पाडणे, चीत करणे. कुस्तीचा अरबी शब्दही याच मुळाचा. अरबी हकीमांनी मिरगीला, म्हणजे मराठीतल्या फेफऱ्याला वा आकडीला, हेच नाव दिले. न दिसणारा कुणी पहिलवान चालत्या-बोलत्या माणसाला धोबीपछाड घालतो, असेच पाहणाऱ्याला वाटत असणार. संस्कृतातल्या वैद्यांनी त्याच आजाराला 'अपस्मार' म्हटले, कारण त्यांची नजर पडण्यापेक्षा स्मृती जाण्यावर होती.

युनानी हिकमतीच्या जुन्या उर्दू किताबांत सरअपासून बऱ्याच पानांवर पुढे दुसरा एक आजार भेटतो. त्याचे नाव 'इख्तिनाकुर्रहम', शब्दशः गर्भाशयाचे गुदमरणे. आपल्या घरांतून त्याला कुणी हिस्टेरिया म्हणते, कुणी 'दौरा', कुणी नुसतेच 'बाहेरचे' म्हणून बाजूला होते. झटका यातही येतो, बाई पडते, हातपाय आवळते, हाकेला ओ देत नाही. वरवर दोन्ही सारखेच. मात्र एकाचे मूळ मेंदूतल्या विजेच्या उसळीत आहे, दुसऱ्याचे मनाच्या ओढाताणीत. हे दोन वेगळे कसे ओळखायचे, या प्रश्नाने वैद्यकाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ छळले आहे, आणि ते ओळखता न आल्याची किंमत बहुतेक वेळा बायकांनी आणि मुलांनी मोजली आहे. आम्ही हकीम नाही, डॉक्टर नाही, शाळामास्तर आहोत. पण पडणारी मुलगी पुष्कळदा वर्गातच पडते, म्हणून हा इतिहास मास्तरांनाही ठाऊक असावा असे आम्हाला वाटते.

इसवी सनापूर्वी सुमारे ४०० च्या आसपास ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावर एक छोटा ग्रंथ तयार झाला. त्याचा विषय 'पवित्र रोग', म्हणजे मिरगीच. हा रोग देवाने धाडला असे म्हणणारे लोक मांत्रिक आणि भोंदू आहेत, तो इतर रोगांइतकाच नैसर्गिक आहे आणि त्याचे ठिकाण मेंदू आहे, असे त्या लेखकाने ठणकावून सांगितले. कारण म्हणून त्याने कफ पुढे केला, ते सोडून देऊ. ठिकाण बरोबर होते. त्याच ग्रीक परंपरेत दुसऱ्या झटक्याचे ठिकाण मात्र साफ चुकले. ग्रीक भाषेत गर्भाशयाला 'हिस्टेरा' म्हणतात. ते शरीरात वरखाली फिरते आणि छातीशी येऊन श्वास कोंडते, अशी समजूत होती. उपायही तसाच. नाकाशी घाणेरडा वास धरायचा, म्हणजे गर्भाशय कंटाळून खाली जाईल! आकडी आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवणाऱ्या आपल्या लोकांना हे वाचून हसू येऊ नये, कारण नाकाशी वास धरण्याची ती रीत ग्रीकांनाही सुटली नव्हती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलनने गर्भाशय फिरत नाही हे सांगितले, पण दोष गर्भाशयाचाच ठेवला.

आता शेख बू अली सीना यांच्याकडे येऊ. जन्म ९८०, मृत्यू १०३७. त्यांच्या 'अल-कानून'च्या तिसऱ्या खंडात डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचे रोग ओळीने दिले आहेत. सरअ डोक्याच्या रोगांत आहे आणि इख्तिनाक गर्भाशयाच्या. दोन्ही प्रकरणे एकमेकांपासून लांब असली, तरी इख्तिनाकबद्दल लिहिताना शेख थांबतात आणि हा आजार सरअसारखा दिसतो, तोही झटक्यांनीच येतो, हे मान्य करून दोहोंतला फरक सांगतात. इख्तिनाकमध्ये अक्कल पूर्णपणे जात नाही. दुखणे फारच जबर नसेल तर शुद्धीवर आल्यावर बाई आपल्यावर काय गुजरले यातले बरेचसे सांगू शकते. आणि मेंदूच्या सरअमध्ये तोंडातून जसा फेस वाहतो तसा यात वाहत नाही.

या ओळींपाशी आम्ही फार वेळ रेंगाळलो. इख्तिनाकचे जे कारण शेखसाहेबांनी दिले, गर्भाशयात अडकलेल्या द्रव्यातून विषारी वाफ वर चढते हे, ते आज कुणी मानणार नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत बोलायचे तर उत्तर चुकले आहे, पण रीत बरोबर आहे, आणि रीतीचे गुण द्यायलाच हवेत. झटक्याच्या वेळी भान किती होते, नंतर काय आठवते, तोंडाला काय झाले, हे तीन प्रश्न आजचा न्यूरॉलॉजिस्टही विचारतो. बाराव्या शतकात टोलेडो शहरात 'कानून'चे लॅटिन भाषांतर झाले आणि सतराव्या शतकापर्यंत युरोपच्या विद्यापीठांत ते शिकवले गेले. म्हणजे हा फरक युरोपला वाचायला मिळालेला होता. वाचून ध्यानात ठेवला किती, ते पुढे दिसते.

आपल्या परंपरेत सरअचा उल्लेख हकीमांच्याही आधी हदीसमध्ये येतो. सहीह बुखारीत हजरत इब्ने अब्बास यांनी अता बिन अबी रबाह यांना एका काळ्या वर्णाच्या स्त्रीची हकीकत सांगितली आहे. ती प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली, मला सरअचे झटके येतात आणि अंगावरचे कपडे विस्कटून मी उघडी पडते, माझ्यासाठी दुआ करा, असे तिने सांगितले. सबर केलास तर जन्नत आहे, आणि तुला हवे तर बरे होण्यासाठी दुआ करतो, असे दोन मार्ग तिच्यापुढे ठेवले गेले. तिने सबर निवडला, पण एक मागणे मागितले, झटक्यात मी उघडी पडू नये. तेवढी दुआ केली गेली. या हकीकतीत तिला मार नाही, धूर नाही, साखळी नाही, तिच्या चारित्र्याविषयी एक शब्द नाही. तिची निवड तिला विचारून झाली. पुढच्या काळातल्या विद्वानांनी सरअची चर्चा पुष्कळ केली. इब्ने कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी 'जादुल मआद'मध्ये त्याचे दोन प्रकार केले, एक दुष्ट रूहांमुळे होणारा आणि दुसरा शरीरातल्या खिल्तांच्या बिघाडाने होणारा. दुसरा प्रकार त्यांनी हकीमांकडे सोपवला. पहिल्यात आपल्या उस्तादांनी काठी वापरल्याचेही ते लिहितात. आपल्या मोहल्ल्यांतल्या आमिलांना ती काठी तेवढी आठवली आणि दुसरा प्रकार ते विसरले. आजार कोणत्या प्रकारचा हे आधी ठरवायचे आणि मग इलाज, हा त्या लेखनातला क्रम कुणाच्या लक्षात राहिला नाही.

युरोपात हेच ठरवण्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. १६०२ साली लंडनमध्ये मेरी ग्लोव्हर नावाच्या मुलीला झटके येऊ लागले आणि एलिझाबेथ जॅक्सन या म्हातारीवर जादूटोण्याचा खटला भरला गेला. एडवर्ड जॉर्डन या डॉक्टरने न्यायालयात सांगितले की हा चेटकाचा नव्हे, आजाराचा प्रकार आहे. न्यायाधीशाने ऐकले नाही, म्हातारीला शिक्षा झाली. दुसऱ्याच वर्षी जॉर्डनने या आजारावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. फ्रान्समध्ये लूदां गावच्या जोगिणींना आलेल्या झटक्यांपायी तर १६३४ मध्ये एका पाद्रीला जिवंत जाळले.

पण या कहाणीचा सर्वांत विलक्षण भाग पॅरिसच्या साल्पेत्रियेर इस्पितळात घडला. मूळचा हा बंदुकीच्या दारूचा कारखाना. सतराव्या शतकात चौदाव्या लुईच्या काळात तिथे गरीब, निराधार आणि 'नकोशा' बायकांना कोंडायची जागा झाली. १८६२ साली जाँ-मार्तें शार्को तिथे मुख्य डॉक्टर म्हणून आले. १८७० च्या सुमारास वेड्या बायकांची एक इमारत मोडकळीला आली आणि ती रिकामी करावी लागली. त्या इमारतीत वेड नसलेल्या पण झटके येणाऱ्या बायकाही होत्या, काही मिरगीच्या, काही हिस्टेरियाच्या. झटके दोघींनाही येतात, तेव्हा ठेवा एकत्र, असा सरकारी हिशेब झाला आणि तो वॉर्ड शार्कोंकडे आला. आमच्याकडेही दोन तुकड्या पटसंख्येअभावी अशाच एका खोलीत बसवतात, त्यामुळे हा कारभार आम्हाला परका वाटला नाही.

परिणाम काय झाला? हिस्टेरियाच्या तरुण मुली दिवसरात्र मिरगीचे झटके पाहू लागल्या. हळूहळू त्यांचे झटके मिरगीसारखे होत गेले. शार्कोंनी त्याला 'हिस्टेरो-एपिलेप्सी' असे जोडनाव दिले आणि त्याचे चार टप्पे ठरवले. आधी मिरगीसारखे आखडणे, मग शरीराची कमान करणे आणि कोलांट्या, मग भावनांचे आविर्भाव, शेवटी बडबड. शार्को मोठे निरीक्षक होते. लागोपाठ येणाऱ्या मिरगीच्या झटक्यांत ताप चढतो आणि हिस्टेरियाच्या लागोपाठच्या झटक्यांत तसा चढत नाही, हा फरक त्यांनी थर्मामीटर लावून दाखवला. आजार अस्सल आहे, ढोंग नव्हे, हेही ते सांगत राहिले, आणि याबद्दल त्यांचे ऋण मानायला हवे. पण नकळत त्यांचाच वॉर्ड त्या आजाराची शाळा बनला होता.

त्या वॉर्डातल्या एका मुलीचे नाव ऑगस्टीन. १८७५ साली ती आली तेव्हा वय चौदा. ज्या घरी तिची आई कामाला होती, त्या घरच्या मालकाने तिच्यावर बलात्कार केला होता. इस्पितळाने ही गोष्ट नोंदवून ठेवली, छापलीही. झटक्यात ती जे बोलायची त्यात तोच माणूस असायचा. तरी डॉक्टरांचे लक्ष होते तिच्या शरीराच्या कमानीकडे. १८७६ ते १८८० या काळात निघालेल्या साल्पेत्रियेरच्या छायाचित्र-ग्रंथांत तिचे फोटो आहेत, बिछान्यावर, विस्कटलेल्या केसांनी, रात्रीच्या गाऊनमध्ये. तो ग्रंथ युरोपभर पाहिला गेला. १८८० मध्ये पुरुषाचे कपडे घालून ऑगस्टीन इस्पितळातून पळून गेली. मी उघडी पडू नये, असे मागणारी ती हदीसमधली स्त्री आम्हाला इथे आठवल्यावाचून राहत नाही. हिला तसे मागायची संधीही कुणी दिली नाही.

१८९३ मध्ये शार्को वारले आणि काही वर्षांत ते चार टप्प्यांचे झटके साल्पेत्रियेरमधून जवळजवळ नाहीसे झाले. ब्लांश विटमन नावाची जी रुग्ण भर सभेत, शेकडो लोकांसमोर झटके देई, तिला पुढे झटका आला नाही. ती त्याच इस्पितळात एक्स-रेच्या विभागात कामाला लागली. शार्कोंचे शिष्य बाबिन्स्की यांनी निष्कर्ष काढला की हे सारे सूचनेने घडते आणि समजावणीने जाते. दुसरे शिष्य पिएर जाने यांनी १८८९ च्या ग्रंथात अधिक खोल गोष्ट सांगितली होती. असह्य आठवण मनाच्या मुख्य प्रवाहापासून फुटून वेगळी वाहू लागते आणि मालकिणीच्या परवानगीवाचून शरीर चालवते, असे त्यांचे म्हणणे. आजचा 'डिसोसिएशन' हा शब्द त्याच वाटेने आला.

दरम्यान मिरगीच्या बाजूने समज वाढत होती, तीही गंमतीदार वळणांनी. १८५७ साली लंडनमध्ये चार्ल्स लोकॉक या बाळंतपणाच्या डॉक्टरने पाळीशी निगडित झटके असलेल्या बायकांना पोटॅशियम ब्रोमाइड दिल्याचे सांगितले. झटक्यांचे मूळ गर्भाशयात आहे या चुकीच्या कल्पनेपोटी मिरगीचे पहिले खरे औषध हाती लागले! १८७३ मध्ये ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी मिरगी म्हणजे मेंदूच्या करड्या भागातला अचानक, अतिरेकी स्राव, अशी व्याख्या केली. १८८१ च्या आपल्या पुस्तकात गॉवर्स यांनी दोन्ही झटक्यांची लक्षणे समोरासमोर मांडून तक्ताच दिला. मग जर्मनीचे हान्स बर्गर. दूरवर असलेल्या बहिणीला आपल्यावरचे संकट कसे जाणवले, या तरुणपणीच्या कोड्याने त्यांना मेंदूच्या शक्तीच्या शोधात ढकलले. मनकवडेपणा काही सापडला नाही, पण १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतली वीज त्यांनी कागदावर उतरवली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. हाच आजचा ईईजी.

ईईजी आला म्हणजे प्रश्न सुटला, असे पुष्कळांना वाटते. 'पट्टी नॉर्मल आली, म्हणजे पोरगी नाटक करते' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येते. त्यात दोन चुका आहेत. दोन झटक्यांच्या मधल्या काळात काढलेली पट्टी मिरगी असूनही नॉर्मल येऊ शकते. आणि मिरगी नसली म्हणजे नाटक असते असे नाही. या झटक्यांवर त्या माणसाचा ताबा नसतो. खात्रीचा मार्ग एकच, झटका चालू असताना ईईजी आणि चित्रण एकाच वेळी घ्यायचे. ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांतच मिळते. बाकी ठिकाणी डॉक्टरला पाहणाऱ्याच्या जबानीवर अवलंबून राहावे लागते. मिरगीच्या मोठ्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात, मनाच्या झटक्यात बहुधा घट्ट मिटलेले. मिरगीत जिभेची कड चावली जाते, झटका सहसा दोन-तीन मिनिटांत ओसरतो, मग घोरल्यासारखा श्वास आणि गुंगी. दुसऱ्या प्रकारात झटका लांबतो, मध्ये थांबून पुन्हा सुरू होतो, मान डावीउजवीकडे हलत राहते, कधी डोळ्यांतून पाणी येते. पण एकाच लक्षणावर कुणी निकाल देऊ नये. मेंदूच्या पुढच्या भागातून उठणारी मिरगी झोपेत किंचाळी, पाय झाडणे असे काही करवते की अनुभवी माणूसही तिला हिस्टेरिया म्हणून बसतो. काही जणांना दोन्ही आजार एकत्र असतात. १९६५ मध्ये लंडनचे एलियट स्लेटर यांनी हिस्टेरिया ठरवून घरी पाठवलेल्या रुग्णांचा माग काढला, तेव्हा त्यांपैकी पुष्कळांना पुढे शरीराचाच आजार निघाला होता.

उलट बाजूचा घोळही तेवढाच मोठा. औषधाला दाद न देणाऱ्या झटक्यांसाठी मिरगी केंद्रांत येणाऱ्या दर चार-पाच रुग्णांमागे एकाला मिरगी नसते. जर्मनीतल्या बॉन शहरातल्या २००२ च्या पाहणीत असे आढळले की या लोकांना खरे निदान मिळायला सरासरी सात वर्षांहून अधिक काळ गेला. सात वर्षे म्हणजे पाचवीतली मुलगी बारावी होते. तेवढा काळ नको असलेल्या गोळ्या, सुस्ती, आणि मूळ दुःख तसेच.

आपल्याकडे याला लग्नाची गाठ पडली आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली मिरगीचे वारंवार येणारे झटके हा विवाहाला अडसर म्हणून घातला गेला आणि १९९९ मध्ये काढला गेला. मुस्लिम स्त्रियांसाठीच्या १९३९ च्या विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याच्या आजारांची जी यादी आहे, तिच्यात मिरगीचे नाव कधीच नव्हते. कायदा असा मोकळा, पण रिश्ता पाहायला आलेल्या खालांच्या यादीत मिरगी पहिली. म्हणून मुलीला मिरगी असली तर अम्मी सांगतात 'आसेब आहे', कारण आसेब उतरतो आणि मिरगी नावाला चिकटते. औषधाने बहुतेकांची मिरगी आटोक्यात येते, तरी गोळी उशीखाली लपते आणि तावीज गळ्यात दिसतो. मनाच्या झटक्यांची गत आणखी वाईट. तिथे विचारावे लागते की हिच्यावर काय गुजरले, घरात कुणाची भीती आहे का, आणि हे विचारायलाच घर तयार नसते.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण मेले. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे हा गुन्हा ठरवला. आणि आपल्याकडून ज्या गुजरातच्या उनावा गावी लोक गाड्या भरून जातात, त्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा और दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावरांनाच लक्षणे ओळखायला शिकवले आणि दुआ झाल्यावर रुग्णाला आवारातल्या डॉक्टरकडे धाडायची पद्धत पाडली. इब्ने कय्यिम यांचे दोन प्रकार तिथे निदान एका आवारात तरी आले.

मनाच्या झटक्यांवर गोळी नाही. इलाज बोलण्याचा आहे. ब्रिटनमध्ये ३६८ रुग्णांवर केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा उपचाराने वर्षअखेर महिन्याच्या झटक्यांची संख्या ठळकपणे कमी झाली नाही, पण झटक्यांचा जाच कमी झाला आणि रोजचे जगणे सुधारले. जादू नाही, पण सात वर्षांच्या गुंगीपेक्षा बरेच.

आता डॉक्टर घरच्यांना विचारतात, झटक्याचे मोबाइलवर चित्रण आहे का? शंभर जबान्यांपेक्षा एक चित्रण उपयोगी पडते, हे खरेच. पण ऑगस्टीनचे फोटोही उपयोगासाठीच काढले होते. म्हणून आमच्या शाळेत ठरले आहे ते असे. मुलगी पडली की पहिल्यांदा आसपासची बाके सरकवायची, डोक्याखाली दप्तर द्यायचे, तोंडात चमचा वा बोट घालायचे नाही, झटका थांबताच कुशीवर वळवायचे. पाच मिनिटांच्या वर गेले तर थेट दवाखाना. एक शिक्षिका घड्याळ पाहते. दुसरी आधी तिच्यावर ओढणी नीट पांघरते, मुलींना बाहेर काढते आणि मगच फोन उघडते. चेहरा, डोळे आणि हात तेवढे टिपते. ते चित्रण अम्मीच्या फोनवर गेले की शिक्षिकेच्या फोनवरून अम्मीसमोरच पुसले जाते.